गळकं छप्पर, अकरा महिने

मधल्या खोलीत पुन्हा गळलं. गादी सरकवून पातेलं ठेवलं. घरमालक काकांना फोन लावावा असं सकाळपासून मनात आहे, पण करार दिवाळीनंतर संपतो. ‘जमत नसेल तर बघा दुसरीकडे,’ असं म्हणाले तर? हर्णे बंदरात पर्यटकांना खोल्या देणं परवडतं. वर्षभराचा भाडेकरू हवाय कुणाला? मुलाची शाळा इथेच.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळापासून वासे हललेलेच आहेत, त्यात खारा वारा खिळे खातो. काकांनाही खर्च परवडत नसेल, हे कळतं मला.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८मध्ये सोय आहे: मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण आमचा कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. त्यात आम्ही भाडेकरूच नाही, नुसते परवानगीने राहणारे! याचा फार राग येतो. भाडं तर दरमहा वेळेवर मोजतो.

उद्या ओल्या भिंतीचे फोटो तारखेसह व्हॉट्सॲपवर पाठवते. आणि नव्या करारात कौलं कुणी शाकारायची, तेही लिहून घ्यायचं.