पैसा तोकडा की रान तोकडे?

व्हिडिओ गेम म्हटला की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि बरेचसे खेळ असतातही तसेच. परंतु यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जो खेळ चालू होता, त्याने मला बी.कॉम.चे कॉस्ट अकाउंटिंगचे पुस्तक पुन्हा माळ्यावरून काढायला लावले. त्याची हकीगत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

माझा भाचा अकरावीला कॉमर्स घेऊन आमच्याकडे नांदेडला राहतो. ताई आणि दाजी परभणी जिल्ह्यात गावी असतात. दोन एकर रान, एक विहीर, त्या विहिरीचे पाणी मार्चअखेरीस तळाला जाते. मे महिन्यात या पोराने एका कागदावर सोयाबीन, कापूस आणि हळद यांचा एकरी नफा मांडला. हळद सगळ्यांच्या वर आली. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, अण्णांना तुम्ही सांगा. दोन्ही एकर हळदच लावा म्हणावं. तुमचं ऐकतील ते."

दाजी माझे ऐकतात हे खरे. म्हणूनच मला घाई करता येत नव्हती. हळदीला एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणे लागते. दोन एकराचे बेणे घ्यायचे म्हणजे कर्ज काढणे आले.

हाच पोरगा रात्री मोबाईलवर शेतीचा खेळ खेळतो. स्टारड्यू व्हॅली असे त्याचे नाव. एरिक बरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून तो तयार केला आणि २०१६ साली बाजारात आणला. खेळाचा नायक एका मोठ्या कंपनीत संगणकापुढे बसणारा नोकरदार. कंटाळून नोकरी सोडतो आणि आजोबांनी चिठ्ठी लिहून ठेवलेल्या शेतावर राहायला जातो. (मी स्वतः कारकून असल्यामुळे इथपर्यंतची गोष्ट मला पटली. चिठ्ठीत शेत ठेवणारे आजोबा आपल्यापैकी किती जणांना होते, ते सोडा.) मी भाच्याला म्हटले, "आधी या रानात सर्वांत फायद्याचं पीक कोणतं ते हिशेबाने दाखव. मग हळदीचं बोलू."

खेळात वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू बदलला की त्या ऋतूचे पीक उभ्या जागी वाळून जाते. सुरुवातीला खिशात ५०० नाणी. वसंत ऋतूत गाजरासारखा एक पांढरा कंद येतो, पार्सनिप. त्याचे बी २० नाण्यांना, चार दिवसांत तयार, विक्री ३५ ला. फ्लॉवरचे बी ८० ला, बारा दिवस लागतात, विक्री १७५ ला. भाच्याचे उत्तर तयार होते: "फ्लॉवर! एका चौकोनाला ९५ नफा. पार्सनिपला नुसते १५."

त्याला वही घ्यायला लावली. ५०० नाण्यांत फ्लॉवरच्या सहाच बिया येतात आणि २० नाणी उरतात. बारा दिवसांनी हातात १,०७०. आता पार्सनिप घ्या. ५०० च्या २५ बिया. चार दिवसांनी ८७५. त्यात ४३ बिया, पुढच्या चार दिवसांनी १,५२०. त्यात ७६ बिया, आणि बाराव्या दिवसाअखेर २,६६०. (सुरुवातीला १५ बिया फुकट मिळतात, त्या यात धरलेल्या नाहीत.) ज्या पिकाला चौकोनामागे सर्वांत कमी नफा, त्यानेच अडीच पट पैसा करून दिला. कारण त्या घडीला रान पडीक पडले आहे, तोकडा आहे तो पैसा. पैसा जितक्या लवकर मोकळा होईल तितके चांगले.

कॉस्ट अकाउंटिंगमध्ये याला की फॅक्टर म्हणतात. जी वस्तू तुमच्याकडे सर्वांत कमी आहे, तिच्या एका नगामागे नफा किती पडतो ते पाहायचे. आम्ही हे यंत्राचे तास आणि कच्चा माल यांच्या उदाहरणांवर घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो. शेतीच्या बाबतीत याच अंगाचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरच्या आपल्या इंग्रजी निबंधात केला आहे. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि हात किती आहेत त्यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा. भाच्याला निबंधाचे नाव ठाऊक होते, आत काय आहे ते नव्हते.

उन्हाळ्याच्या ऋतूत गंमत आणखी वाढते. ब्लूबेरीचे बी ८० ला. तेरा दिवसांनी पहिला तोडा, नंतर दर चार दिवसांनी. दर तोड्याला तीन फळे, फळाला ५०. पहिल्या तारखेला लावली तर चार तोडे होतात, ६०० येतात, बी वजा जाता ५२० नफा. खरबुजाचेही बी ८० लाच, बारा दिवसांत एक फळ, विक्री २५०. ऋतूत दोनदा घेता येते, नफा ३४०. म्हणजे ब्लूबेरी पुढे. पण तीच ब्लूबेरी चौदा तारखेला लावली तर एकच तोडा मिळतो आणि नफा ७० वर येतो, आणि खरबूज १७० देते. पीक तेच, बी तेच, फक्त तारीख बदलली. पाऊस लांबला की पेरणीचे सगळे गणित फिरते हे दाजींना कुणी शिकवायची गरज नाही, पण शहरात राहणाऱ्या पोराला ते या चौदा तारखेने कळले.

हे सगळे चालू असताना माझी आई बाजूला बसून तांदूळ निवडत होती. चाळीस वर्षे तिने दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, कापूस वेचला. तिने मोबाईलमध्ये डोकावून विचारले, "त्या रोपायला पानी कोन घालतंय?"

"मीच घालतो, आजी."

"मंग तुजी हजेरी कुठं लिवली?"

भाचा हसला, पण मला तो प्रश्न सोडवेना. त्या खेळात माणसाच्या अंगात सुरुवातीला २७० इतकी ताकद असते आणि झारीने एक चौकोन भिजवला की २ जाते. ७६ चौकोन रोज भिजवायचे म्हणजे १५२ ताकद पाण्यातच गेली. उरलेल्यात जमीन खणायची, लाकडे तोडायची, मासे धरायचे. म्हणून आम्ही वहीत तिसरा रकाना आखला: एका पाण्यामागे नफा. पार्सनिपला चार पाण्यांत १५, म्हणजे पाण्याला पावणेचार नाणी. फ्लॉवरला बारा पाण्यांत ९५, म्हणजे जवळपास आठ. ब्लूबेरीला पंचवीस पाण्यांत ५२०, म्हणजे विसाच्या वर. पैशाच्या रकान्यात पहिला आलेला पार्सनिप कष्टाच्या रकान्यात शेवटचा. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला सर्वांत जास्त राबवणारे पीकच घ्यावे लागते. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "ह्ये सांगायला वही कशाला पायजे?"

पुढे माल टिकवून विकण्याचा टप्पा येतो. फळ पिंपात घालून त्याची वाइन केली तर तिप्पट भाव, आणि बरणीत मुरंबा केला तर दुपटीवर ५० नाणी. पंचशील घेतलेल्या घरात पिंपाकडे कोण जाणार! पण इथे हिशेबही आमच्याच बाजूने निघाला. ५० च्या ब्लूबेरीचे दोन्हीकडे १५०च होतात, आणि बरणी दोन-तीन दिवसांत मोकळी होते, पिंपाला आठवडा लागतो. महागड्या फळांना मात्र पिंपच सरस, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

एवढे सगळे खरे असले तरी या खेळात एक मोठी सोय आहे, आणि तीच मला खटकली. हजार ब्लूबेरी एकाच दिवशी विका, हजाराव्या फळालाही तोच भाव. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. घरात ठेवलेला माल सडत नाही. सावकार तर गावातच नाही. बुजगावणे उभे केले की कावळ्यांचाही बंदोबस्त झाला. भाच्याच्या हळदीच्या कागदावर नेमकी हीच सोय होती. त्याने एक भाव धरला होता आणि तो नऊ महिने जागचा हलणार नाही असे गृहीत धरले होते. सोयाबीन आणि कापसाला केंद्र सरकारचा हमीभाव निदान जाहीर तरी होतो, हळद त्या यादीत नाही. लावण मे-जूनमध्ये, काढणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, त्यानंतर शिजवणे, वाळवणे, पॉलिश; तोवर बेण्याचा पैसा जमिनीत आणि त्याचे व्याज दारात. ताईला किराणा मात्र दर महिन्याला भरावा लागतो. ज्याच्या गाठीला वर्षाचा खर्च आहे त्याला हळद फ्लॉवरसारखी परवडेल. दाजी अजून ५०० नाण्यांवरच आहेत.

मी दाजींना फोन केला, तो भाच्यालाच बोलायला लावला. तीन रकाने त्याने वाचून दाखवले. दाजी बराच वेळ ऐकत होते. शेवटी ठरले ते असे: कर्ज न काढता हातातल्या पैशात बसेल तेवढे बेणे, म्हणजे अर्ध्या एकराची हळद. बाकी रानात सोयाबीन. आणि विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर, आठवडी बाजारासाठी. एवढ्यात ताईने फोन घेतला.

"मेथी लावा म्हणता, पण उपटायची कोणी? जुड्या कोण बांधणार? मलाच ना?"

यावर भाच्याकडे उत्तर नव्हते. पण मेथी काढणीला आल्यापासून तो शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जातो, रविवारचा बाजार करून रात्री परत येतो. परवा आला तेव्हा पहिल्या तोडीचा हिशेब वहीत होता: बियाणे, एसटीचे भाडे, बाजाराची पावती, आईची हजेरी. शिल्लक किती राहिली ते विचारले, तर म्हणाला, "थांबा मामा, दोन जणांकडे उधारी राहिलीय."