समक्ष

साक्षीपुरावा ‘आरोपीच्या समक्ष’ घ्यावा, असे आपला फौजदारी कायदा सांगतो. ‘समक्ष’ या शब्दाच्या मुळाशी डोळा आहे. कायद्याला अभिप्रेत असतो तो मात्र कान, असे दिल्लीच्या लाल किल्ल्यात फिरताना मला वाटत राहते. १८५८ साली येथेच दिवाण-ए-खासमध्ये बहादूरशाह जफरचा खटला चालला. वृद्ध बादशहा समक्ष होता खरा, परंतु अधूनमधून डुलक्या घेत असे.

१९४८ मध्ये याच किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे गांधीहत्येचा खटला उभा राहिला. पिंजऱ्यात आठ जण होते. बहुतेक मराठी भाषक. मदनलाल पाहवा पंजाबी. आणि माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगे याचा नोकर शंकर किस्तय्या तेलुगू भाषक. सरकार पक्षाचे १४९ साक्षीदार तपासले गेले. जबान्यांची नोंद इंग्रजीत होई आणि त्या हिंदुस्थानी, मराठी व तेलुगू अशा तीन भाषांतून आरोपींना समजावून सांगाव्या लागत. कामकाज रेंगाळे, ते साहजिकच. अनुवादात काय हरवते याची चर्चा आपण परिसंवादांतून करतो. किस्तय्याच्या बाबतीत त्या प्रश्नाला जन्मठेपेचे वजन होते. पुढे १९४९ मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

आरोपी जातीने हजर असेल, तर त्याला न कळणारी साक्ष त्याच्या भाषेत, खुल्या न्यायालयात सांगितली पाहिजे, हा नियम १८९८ च्या संहितेत होता, १९७३ च्या संहितेत होता आणि आजही आहे. तो गैरहजर असेल आणि वकील काम पाहत असेल, तर वकिलाला कळले म्हणजे पुरते. एरवी केवळ सक्ती भासणाऱ्या हजेरीबरोबर भाषेचा हक्क येतो, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

गांधीहत्येच्या खटल्यात तीन आरोपी फरारी होते. त्यांच्याविरुद्ध निकाल झाला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने, गंभीर गुन्ह्यातील घोषित फराऱ्याचा खटला, आरोपनिश्चितीनंतर ९० दिवस थांबून, त्याच्या पश्चात निकालापर्यंत चालवता येतो. पळून गेलेल्यासाठी न्यायालयाने अनंत काळ ताटकळावे, असे मी म्हणणार नाही. त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चाने वकील देण्याचीही तरतूद आहे. परंतु या खटल्यात दुभाषी कोणासाठी उभा राहील? आणि तुरुंगातल्या पडद्यावरून ‘समक्ष’ असलेल्या आरोपीच्या कानाशी तो कोठे उभा राहणार?