दुसरी चंद्रभागा

चंद्रभागा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूरचे वाळवंट उभे राहते. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण चंद्रभागा आणखी एक आहे, हिमाचलात. चंद्रा आणि भागा या दोन नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावतात, एकमेकींकडे पाठ फिरवून निघतात आणि लाहौलमधल्या तांदी गावापाशी पुन्हा भेटतात. पुढे तिलाच चिनाब म्हणतात. ऋग्वेदातली असिक्नी ती हीच. संतवाङ्मय शिकवणाऱ्याने ती एकदा पाहायलाच हवी, असे मी घरात जाहीर केले.

"पाहा की," सौ. म्हणाली, "पण गाडी लेक चालवील."

लेक तेव्हा बावीस वर्षांची. त्या दिवाळीनंतर ती नोकरीसाठी बंगळुराला जायची होती. २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही तिघे चंदीगडहून भाड्याची गाडी घेऊन निघालो.

मनालीपुढचा अटल बोगदा २०२० साली खुला झाला. नऊ किलोमीटरचा तो अंधार संपतो आणि माणूस एकदम निराळ्या मुलखात येतो. अलीकडे देवदार, पलीकडे उघडे डोंगर. ग्रांफूला काझाचा फाटा फुटतो आणि आमच्या वेळी डांबरही तिथेच आमचा निरोप घेत असे. पुढे चंद्रेच्या काठाने जाते त्याला सरकारदरबारी राष्ट्रीय महामार्ग म्हणतात. डोळ्यांना मात्र नुसते गोटेच दिसतात; आधीच्या ट्रकांची चाके जिथून गेली, तो रस्ता. ताशी दहा-पंधरा किलोमीटर चाल पडली तरी माणूस स्वतःवर खूश होतो.

आणि नाले! आपल्याकडे नाला म्हणजे नाकाला रुमाल लावायची जागा. तिकडे तो डोंगरावरच्या बर्फातून निघतो आणि सरळ रस्त्यावरून वाहतो. पूल नाही. त्याला घड्याळही कळते. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळायचे थांबते, म्हणून पहाटे पाणी कमी. उन्हे चढतील तसे ते वाढत जाते आणि दुपार कलल्यावर भर येतो. छत्रूच्या पुढे असा एक नाला आम्हांला चार वाजता आडवा आला. पलीकडून आलेल्या ट्रकवाल्याने पाण्याकडे बोट दाखवून मान हलवली. आम्ही परतून छत्रूच्या धाब्यावर राजमा-भात खाल्ला आणि तीन-तीन रजया घेऊन रात्र काढली.

सकाळी सहाला पाणी निम्म्यावर आले होते. मी विचारले, "मी घेऊ का गाडी?"

"नको. तुम्ही पुढे चालत जा, बाबा. पलीकडून वाट दाखवा."

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात उतरलो. थंडी हाडांत शिरली. काठीने तळ चाचपत, मोठे गोटे कुठे आहेत ते पाहत पलीकडे पोचलो आणि मागे वळलो. माझे सारे घर त्या काठावर एका गाडीत बसले होते.

नियम ट्रकवाल्याने तिला सांगितले होते. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्येच क्लच दाबायचा नाही, थांबायचे तर मुळीच नाही. गाडी पाण्यात शिरली. मी हाताने डावीकडे, डावीकडे, अशा खुणा करत होतो. मधोमध एक चाक गोट्यावरून घसरले, गाडी तिरपी झाली, पाणी दारावर आदळले. माझा हात वरच राहिला. इंजिनाचा आवाज मात्र बदलला नाही. त्या एका सुरावर ती गाडी बाहेर आली आणि मग सौ.ने काच खाली करून विचारले, "तुम्ही पायांत मोजे घालणार की नाही?"

बातलला चहा घेऊन आम्ही कुंझुम खिंडीत चढलो. सुमारे ४,५५० मीटर उंची. चार पावले टाकली की धाप लागते. तिथल्या देवीला गाडीसकट प्रदक्षिणा घालायचा रिवाज आहे, तो आम्ही पाळला. खिंडीच्या अलीकडचे पाणी चंद्रेला मिळते, पलीकडचे स्पितीला. स्पिती खाबपाशी सतलजेत जाते. चिनाब आणि सतलज पुढे पाकिस्तानातल्या पंजाबात एकत्र येतात, त्यांची पंचनद होते आणि ती सिंधूला मिळते. म्हणजे इथे वेगळे झालेले पाणी भेटते, पण फार दूर. लेकीला मी हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"उतार तुमचा, बाबा."

लोसरपर्यंत गाडी मी चालवली. आरशात पाहिले, तर ती आईच्या मांडीवर डोके ठेवून गाढ झोपली होती. खड्डे पुष्कळ होते. मी एकेक जपून घेत होतो.