साक्षीदार खरे, साक्ष खोटी

रहस्यपटाचे मर्म शेवटच्या कलाटणीत असते, असे सामान्यतः मानले जाते. खुनी कोण हे एकदा कळले, की प्रेक्षक घरी जाऊन निश्चिंतपणे झोपतो. निशिकांत कामत दिग्दर्शित 'दृश्यम' (२०१५) या हिंदी चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. जीतू जोसेफ यांच्या २०१३ मधील मल्याळम चित्रपटावरून तो घेतलेला असून कथानक केरळातून आपल्या गोव्यात आणलेले आहे. येथे खून कसा घडला हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. प्रश्न एवढाच, की चौथी नापास झालेला केबलवाला विजय साळगावकर आपल्या बायकोला आणि मुलींना वाचवितो कसा?

तो एकाही साक्षीदाराला लाच देत नाही, की धमकावीत नाही. घटनेनंतर कुटुंबासह पणजीला जातो, लोकांच्या नजरेत भरेल असे वागतो आणि पुढे त्याच लोकांना पुन्हा गाठून, बोलता बोलता २ ऑक्टोबर ही तारीख त्यांच्या मनात पेरतो. दृश्य खरे, दिवस तेवढा खोटा.

न्यायालयात आम्ही पाहत आलो आहो, की खेड्यातला साक्षीदार तारीख सांगत नाही. 'जत्रेच्या आदल्या दिवशी', 'एकादशीच्या दुसऱ्या दिवशी' असे सांगतो. हा धागा बळकट असतो, कारण जत्रा साऱ्या गावाची असते. विजयने नेमके हेच हेरले. पणजीतील सत्संगाचा दिवस पक्का होता. त्या खुंटीला त्याने आपला प्रवास नेऊन टांगला. भाविकांच्या गर्दीत अमुक एक आला होता, असे सांगणारा कोणी मिळेलही. पण तो आला नव्हता, हे शपथेवर कोण सांगणार?

पोलीस धाकट्या मुलीला मारहाण करून तिच्याकडून जागा काढून घेतात. खणल्यावर निघते ते मेलेले जनावर! १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरविला होता. त्या माहितीवरून काही सापडले, तरच तेवढा भाग पुराव्यात येई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही हेच तत्त्व कायम आहे. प्रेत सापडलेच पाहिजे असा कायद्याचा आग्रह नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितले; परंतु मग परिस्थितीची साखळी अतूट हवी. येथे ती तारखेपाशीच तुटते.

चित्रपट जुना झाल्याने शेवट सांगण्यास प्रत्यवाय नसावा. ते प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली असते! या कलाटणीने आम्हांसही समाधान वाटले, कारण मेलेला मुलगा एका मुलीच्या अब्रूवर उठला होता. पण त्याची आई मीरा देशमुख पोलीस अधिकारी असली, तरी अखेरीस तिचा प्रश्न आईचाच उरतो : माझा मुलगा आहे की नाही? विजय आडवळणाने तो नसल्याचे सुचवितो. जागा मात्र सांगत नाही. म्हणजे अग्नी नाही, अस्थी नाहीत.

'पुरावा नाही' हे न्यायालयाला पुरेसे उत्तर आहे, आणि ते तसेच असावे, असे आम्ही वकील म्हणून म्हणू. त्या आईला मात्र ते उत्तर पुरत नाही. आणि तिला दुसरे देता येईल असे कोणतेही कलम आमच्या ग्रंथांत नाही.