मुका मार

रविवार, १४ जानेवारी २०२४, वसई
सकाळी नेटमध्ये पोराचा पुल चुकला. सीझन बॉल हेल्मेटवर, कानाच्या वर. रक्त नाही, टेंगूळ नाही. ग्लोव्हज सारखे करत म्हणाला, ‘काही नाही सर, टाका.’ मी आणखी चार चेंडू खेळू दिले. हे लिहूनच ठेवतो.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. ‘सर, ओकला. लाइट बंद कर म्हणतोय.’ मला एकदम क्रिकेटपटू रमण लांबा आठवला. ढाक्यात शॉर्ट लेगला डोक्याला चेंडू लागला, स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आला आणि तिसऱ्या दिवशी, २३ फेब्रुवारी १९९८ला, गेला. रिक्षा केली, सीटी काढली. रक्तस्राव नाही. ‘नॉर्मल आहे, शाळेत पाठवा,’ म्हणून आम्हाला वाटेला लावलं.

बुधवार, १७ जानेवारी
शाळेत फळ्यावरच्या ओळी एकमेकींवर चढतात म्हणे. बोरिवलीला दाखवायला नेलं. वसई रोडला त्याला इंडिकेटर वाचता येईना. नायगाव गेल्यावर खाडीवर त्यानं डोळे मिटून घेतले. समोरच्या बाईंच्या बुबुळांकडे मी चोरून पाहत होतो. बाहेरचा एकेक खांब पकडायची, सोडायची, झटकन पुढचा धरायची. एवढी कसरत आपण रोज फुकटात करतो!

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं, टोक हळूहळू नाकाकडे आणलं. आपल्याला पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसतं. याला वीतभर अंतरावरच दोन. मेंदूला हादरा बसलाय, म्हणाले. तो सीटीत दिसत नाही, पण दोन्ही डोळे जोडीनं वळवणं हे मेंदूचंच काम, तिथं सापडतो.

अमेरिकेत उज्मा समदानी या न्यूरोसर्जनबाईंनी यासाठी ‘आयबॉक्स’ हे यंत्र काढलंय. हनुवटी टेकवून पडद्याच्या कडेकडेनं फिरणारा व्हिडिओ २२० सेकंद पाहायचा. बुबुळं बरोबर फिरतात का, हे कॅमेरा मोजतो. ५ ते ६७ वयासाठी तिथल्या एफडीएची २०१८च्या अखेरीस परवानगी मिळाली, तीही डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून. फिलाडेल्फियात एका वेगळ्या पाहणीत असा हादरा, म्हणजे कन्कशन, झालेली ११ ते १७ वर्षांची १०० मुलं तपासली, तर ६९ जणांच्या नजरेत बिघाड निघाला. माझ्या नेटमधून अशी किती पोरं ‘काही नाही सर’ म्हणत घरी गेली असतील?

गुरुवार, २५ जानेवारी
उद्या सव्वीस जानेवारीची मॅच. स्वारी पांढऱ्या कपड्यांत हजर, किट घेऊन. ‘एकदम ओके, सर.’ डोकं दुखतं? नाही. चक्कर? नाही. विचारायच्या आधीच नाही.

पेन काढलं. नाकाकडे नेत गेलो.
‘किती दिसतात?’
‘एकच.’
चार बोटांवर टोक आलं आणि डावं बुबुळ जरासं थरथरून बाहेर सरकलं.
‘अजून एकच?’
‘एकच, सर.’
किट त्याच्या हातातून घेतलं आणि उद्या पॅव्हेलियनमध्ये माझ्या शेजारी बसायला सांगितलं.