मुक्कामांची फेरिस्त

जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात ज्याने उभी हयात काढली त्याला नकाराचे फारसे भय वाटू नये. अर्ज नामंजूर होणे, दावा खारीज होणे, समन्स बजावल्यावाचून परत येणे, हे सारे मी स्वतःच्या हाताने इतक्या वेळा नोंदवहीत चढविले आहे की त्यातील दुःखाचा अंश माझ्यापुरता केव्हाच विरून गेला होता. तथापि गेल्या वर्षी मुंबईहून आलेल्या एका मोहोरबंद पाकिटातून जो छापील कागद निघाला, त्याची आठवण झाली की आजही माझे पित्त खवळते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पुण्यात नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने मनावर घेतले की काका-काकूंना युरोप दाखवावयाचा, पण तो यात्रा कंपनीच्या बसमधून नव्हे, तर स्वतः भाड्याची मोटार हाकून. फ्रँकफर्टला मोटार ताब्यात घ्यावयाची, मोझेल नदीच्या काठाने लक्झेंबर्गमध्ये शिरावयाचे, तेथून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग, मग स्वित्झर्लंडातील बाझल व ल्यूसर्न, पुढे ऑस्ट्रियातील इन्सब्रुक, आणि म्युनिकवरून वळसा घेऊन पुन्हा फ्रँकफर्ट. या मार्गात शेंगेन नावाचे द्राक्षमळ्यांचे एक खेडे हट्टाने घालावयास लावले ते मी. १४ जून १९८५ रोजी पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी त्या गावापाशी नदीत उभ्या केलेल्या एका नौकेवर बसून आपसांतील सरहद्दींवरची तपासणी क्रमाने उठविण्याच्या करारावर सह्या केल्या. आणि नौकेची निवड मला फार समर्पक वाटते, कारण तेथील मोझेलचे पात्र लक्झेंबर्ग व जर्मनी यांच्या सामाईक मालकीचे असून फ्रान्सची हद्दही हाकेच्या अंतरावर आहे.

सोलापूरकरास या गोष्टीचे अप्रूप वाटण्यास कारण आहे. १९४८ पूर्वी आमच्या शहराभोवती परक्या अंमलाचीच वेस होती: एका अंगास अक्कलकोटचे संस्थान, दुसऱ्या अंगास निजामाचा मुलूख. तुळजापूर येथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, परंतु कुलस्वामिनीच्या दर्शनास निघालेल्या माझ्या आजीला करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे, कलदार रुपया देऊन हाली नाणे घ्यावे लागे, आणि देवीच्या ओटीसाठी नेलेल्या खणाची घडी मोडलेली आहे की तो विक्रीचा कोरा माल आहे, यावरून नाकेदाराची हुज्जत ऐकून घ्यावी लागे, असे वडील सांगत. एका परवान्यावर एकोणतीस राष्ट्रे फिरता येतात हे ऐकून मला जो हर्ष झाला, त्याच्या मुळाशी तो खण होता.

परंतु हा एक परवाना मागावयाचा कोणाच्या दारी, यास नियम आहे: जेथे मुक्काम सर्वाधिक तेथे, मुक्काम समसमान असतील तर जेथे प्रथम प्रवेश तेथे. ल्यूसर्नच्या सरोवराकाठी आणखी एक रात्र राहावे असा सूनबाईंचा आग्रह होता. ती रात्र वाढविताच अर्जाचे अधिकारक्षेत्र बदले, आणि इन्सब्रुकमध्ये एक रात्र वाढविताच ते पुन्हा डळमळे. हा खेळ कित्येक दिवस चालला. अखेरीस अर्ज कोणत्या वकिलातीकडे गेला ते मी लिहीत नाही. बाकीच्या गोष्टी मी विनातक्रार स्वीकारल्या: परिवहन कार्यालयातून निघणारा, वर्षभरच चालणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, तुम्ही एक दिवस मोटार चालवा की बारा महिने, स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी घ्यावाच लागणारा ४० फ्रँकचा वार्षिक पथकर, कारण जेथे रक्कम ठरलेली आहे व पावती मिळते, तेथे माझी हरकत नसते. सलत होती ती मुक्कामांची फेरिस्त. मोटारीने जावयाचे ते याचसाठी की एखादे गाव मनास आले तर थांबावे, न आले तर पुढे जावे. आणि येथे तर कोणत्या रात्री कोणत्या छपराखाली निजणार हे पावत्यांनिशी, सहीनिशी, घर सोडण्याच्या कितीतरी आधी सादर करावयाचे.

आम्ही चौघे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईस गेलो, एकाच खिडकीवर एकाच फायलीतून अर्ज दाखल केले, दहाही बोटांचे ठसे दिले. पाकिटे आली तेव्हा तिघांच्या पारपत्रांत परवाना डकवलेला होता; माझ्या पारपत्रासोबत तो कागद होता. त्यावर छापील कारणांची एक लांबलचक माळ, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन, आणि त्यांतील एकात फुली: मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याविषयी वाजवी शंका आहे. फुली देखील यंत्राने उमटविलेली होती. आमच्या न्यायालयात साधा मुदतवाढीचा अर्ज नाकारावयाचा असला तरी न्यायाधीश समासात दोन ओळींची कारणमीमांसा लिहीत, आणि ती न लिहिल्यास वरचे न्यायालय काय म्हणेल याची धास्ती बाळगीत. येथे एकाच दस्तऐवजावर तिघांना डिक्री आणि चौथ्याचा दावा खारीज, आणि शंका कशावरून आली याचा एक शब्द नाही. सातबारा माझ्या नावे, घराचा उतारा माझ्या नावे, निवृत्तिवेतनाचा हुकूम, मुदतठेवीच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सर्व माझ्या नावे, सौ.च्या नावे एक बचतखाते, तेही माझ्यासह सामाईक. म्हणजे जिच्या नावे येथे काही नाही ती परत येणार याची खात्री, आणि ज्याचे सर्वस्व येथे आहे तो मात्र पळून जाणार! “माझी खात्री आहे त्यांना, तुमचीच नाही,” एवढेच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. कट्ट्यावरच्या एका वकील मित्राने निराळी उपपत्ती मांडली: “अण्णासाहेब, सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे त्यांनी वाचलं असणार.” परदेशी जाऊन परत न आलेला सोलापूरकर म्हटला की मला एकच नाव आठवते, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे, ते १९३८ साली जखमींच्या शुश्रूषेसाठी चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. माझ्याकडून इतक्या थोर अपराधाची अपेक्षा कोणी कशाच्या आधारे करावी?

अपिलाचा हक्क आहे असे त्याच कागदाच्या तळाशी नमूद होते. अपील लढविण्याची ऊर्मी माझ्या हाडातच आहे. परंतु परक्या देशात, परक्या भाषेत, तेथील वकील लावून ते चालवावयाचे म्हटल्यावर पुतण्याने हात जोडले. तिघांनी माझ्यासाठी बेत पुढे ढकलला, त्यांच्या परवान्यांची मुदत वाया गेली, आणि आम्ही सर्वांनी नव्याने अर्ज केले. ज्यांना जावयाचे आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात, विमानाचे पैसे परवान्याआधी गुंतवू नयेत, आणि प्रत्येक कागद कशासाठी जोडला आहे ते सांगणारे एक पत्र वर ठेवावे. अर्थात यामुळे परवाना मिळतोच असे नाही, कारण पहिल्या खेपेसही असे पत्र होते. दुसऱ्या खेपेस आम्हा चौघांचेही अर्ज मंजूर झाले. त्या मंजुरीसही कारण दिलेले नव्हते, आणि त्याबद्दल मी कोणतीही हरकत घेतली नाही.

आता प्रस्थान वैशाखात आहे, आणि घरात निराळाच तंटा उभा राहिला आहे. पुतण्या म्हणतो, “काका, परवाना हातात आला, आता स्ट्रासबर्गची एक रात्र मोकळी सोडू. जिथं आवडेल तिथं राहू.” ज्या फेरिस्तीला मी इतकी नावे ठेवली, तिच्यातली एक ओळही इकडची तिकडे करण्यास मी आता तयार नाही. तिच्याखाली माझी सही आहे, आणि सहीनिशी दाखल केलेला दस्तऐवज पक्षकाराने परस्पर फिरविल्याचे माझ्या नोकरीत मी कधी खपवून घेतले नाही. सौ. पुतण्याच्या बाजूस आहे. मागल्या आठवड्यात त्याने मला न विचारता ती खोली रद्द केली. तिची सूचना माझ्याच दूरध्वनीवर आली, कारण नोंदणी माझ्या नावे होती. मी त्याच खाणावळीत त्याच रात्रीची खोली पुन्हा घेतली आहे. दर मात्र मधल्या काळात बराच चढला होता.