मागच्या चाकांना विचारून

पिकअपच्या ब्रेकवर पाय दिला की पायालाच कळतं. पेडल किती खाली जातं, कुठे कडक लागतं, कधी जरा मऊ वाटतं. मागे जोडलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या ब्रेकचं तसं नाही. डॅशबोर्डखालचा कंट्रोलर एका निळ्या वायरीतून मागे करंट सोडतो आणि पुढचं सगळं पाठीमागे, ड्रमच्या आत, नजरेआड घडतं. किंवा घडत नाही. नाही घडलं तरी सपाट रस्त्यावर गाडी थांबतेच, कारण पिकअप आपलं आणि ट्रेलरचं, दोन्ही वजनं निमूट पेलते. मला धास्ती वाटते ती याचीच. हे ब्रेक बंद पडले तरी सांगत नाहीत. म्हणून निघण्याआधी चाकाशी बसून त्यांना विचारावं लागतं, दर वेळी.

मी राहते डेन्वरजवळ. इथून पश्चिमेला निघालं की आय-७० महामार्ग चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. १९७३ साली खुला झालेला हा बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत मैलोन् मैल उतार, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. ब्रेक गेलेल्या ट्रकना घुसून थांबता यावं म्हणून कडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. सामान आणि पाणी भरलेला आमचा ट्रेलर सहा हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे २,७०० किलोंच्या घरात जातो. एवढं वजन त्या उतारावर मागून ढकलत असताना ब्रेकबद्दल ‘असतील नीट’ असं म्हणणं मला जमत नाही.

मी मूळची कर्जतची. घाट चढणाऱ्या रेल्वेगाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. उतरणाऱ्या गाड्या थांबवून त्यांचे ब्रेक तपासतात, हे मात्र त्या मानाने कमी जणांच्या लक्षात येतं. मला आज त्या थांब्याचं मोल जास्त वाटतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये ज्या एअर ब्रेकचं पेटंट घेतलं, त्याची रचनाच अशी की नळीतली हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. डबा सुटला, नळी तुटली, तरी गाडी थांबते. इतकी चोख योजना असूनही घाटाच्या तोंडाशी चाचणी टळत नाही. ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकचं नेमकं उलट आहे. वायर तुटली की ब्रेक गेला. मग ज्या ब्रेकचा बिघाड धोक्याच्या बाजूलाच झुकतो, त्याला चाचणीतून सूट कशी द्यायची?

ट्रेलर पिकअपपासून सुटलाच तर थांबावा म्हणून त्याच्यावर एक छोटी बॅटरी आणि पिन असलेला स्विच असतो. पिनेची तार पिकअपला अडकवलेली असते. ट्रेलर सुटला की पिन ओढली जाते आणि बॅटरीचा पूर्ण करंट ब्रेकला मिळतो. माझी तपासणी इथून सुरू होते. सात पिनांचा प्लग काढून ठेवायचा, नाहीतर करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरू शकतो. मग पिन ओढायची आणि पिकअप हळूच पुढे घ्यायची. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. नाही अडली तर बहुतेकदा हिवाळाभर उभी राहिलेली बॅटरी बसलेली असते. पिन लगेच जागेवर घालायची, कारण ताणून ठेवली तर बॅटरी आणि चुंबक दोन्ही तापतात.

प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या सपाट अंगाला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, आणि ज्या दांड्यावर तो बसवलेला असतो तो दांडा ब्रेक-शू ड्रमवर दाबतो. म्हणजे दाबायचं बळ चाकाच्या फिरण्यातूनच येतं. मला ही रचना फार आवडते. पण ती करंटवर जगते, म्हणून मीटर लावल्याशिवाय मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. दहा किंवा बारा इंची ड्रमचा एक चुंबक पूर्ण दाबावर चारएक अँपिअर घेतो. दोन आसांच्या ट्रेलरला चार ब्रेक, म्हणजे एकूण पंधरा-सोळा. मीटर बाराच्या आसपास अडला तर चारांतला एक मेलेला आहे. कंट्रोलरच्या पडद्यावर तेव्हाही ‘ट्रेलर जोडलेला आहे’ असंच दिसत असतं, कारण त्याला जोडणी कळते, चुंबक मोजता येत नाहीत. आकडा थोडा थोडा सगळीकडेच कमी येत असेल तर अर्थची जोडणी गंजलेली असते किंवा वायर बारीक असते. काही ट्रेलरमध्ये वायर आसाच्या पोकळ नळीतून पलीकडच्या चाकाकडे नेलेली असते. धक्क्यांनी ती आतल्या आत घासते, आणि वरून काहीच दिसत नाही.

विजेचं झालं की हाताचं काम. ज्याला मी सर्वांत जास्त वेळ देते ते हेच. जॅक चेसीच्या लोखंडी चौकटीला लावायचा, आसाच्या नळीला नाही. उरलेल्या चाकांना ठोकळे, आणि चौकटीखाली स्टँड. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर तळाशी रबरी बूच असतं. ते काढलं की आत दातेरी चाक दिसतं. वाकड्या ब्रेक-चमच्याने ते एकेक दात फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने चाक पुढच्याच दिशेने फिरवत राहायचं. आधी शूवरचा लायनर ड्रमला किंचित शिवतो, मग घासतो, मग चाक जड होत जातं. हाताने जेमतेम फिरेल इतकं जड झालं की दाते मागे घ्यायचे, आणि चाक मोकळं फिरू लागेल पण लायनरची हलकी कुसकुस ऐकू येईल, तिथे थांबायचं. तानपुरा लावणारा जवारीपाशी जसा कान देतो, तसा इथे कान द्यावा लागतो. चारही चाकांची कुसकुस सारखी यावी, यासाठी मी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारते. एक चाक जास्त धरलं तर ट्रेलर त्या बाजूला ओढतो. ब्रेक नवे असतील तर पहिल्या दोनशे मैलांनंतर हे पुन्हा करावं लागतं, कारण तोवर लायनर ड्रमवर बसलेला असतो. पुढे साधारण तीन हजार मैलांनी. काही ब्रेक आपोआप जुळवून घेणारे असतात. तेही मी उघडून बघतेच.

ड्रम काढला तर वास घ्यावा. हबमध्ये ग्रीस जास्त भरलं की ते सील ओलांडून शूवर येतं. असा शू पेट्रोलने पुसून पुन्हा बसवणारे भेटतात. मला ते मान्य नाही. ग्रीस लायनरमध्ये मुरलेलं असतं आणि तापलं की वर येतं. शू बदलायचाच.

शेवटी रस्ता. मोकळा, कोरडा, सपाट. कंट्रोलरची गेन, म्हणजे ब्रेकला किती करंट सोडायचा ती पातळी, सावकाश वाढवायची, ताशी चाळीसेक किलोमीटरला फक्त कंट्रोलरवरचा हाताचा लीव्हर पूर्ण दाबायचा, पेडल नाही. ट्रेलर मागे ओढतोय हे पाठीला कळलं पाहिजे. चाकं जाम होतील त्याच्या किंचित अलीकडे गेन ठेवायची, कारण घसरणारं चाक बाजूची पकडही सोडतं. ही जुळवणी भरलेल्या ट्रेलरवरच करावी. रिकाम्यावर केलेली पुढे उपयोगाची राहत नाही. शेजारी बसणाऱ्यालाही तो लीव्हर कुठे आहे ते मी दाखवून ठेवते. ट्रेलर डोलायला लागला तर तोच त्याला सरळ करतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबला तर ट्रेलर अजून भरकटतो.

उतारावर तरीही भार इंजिनाच्या ब्रेकवर. गिअर खालचा, वेग आधीच कमी, ब्रेक अधूनमधून दाबून सोडलेला. सतत दाबून धरला की ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. सिल्व्हरथॉर्नला थांबले की इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चारही हब बघते. तापमान जवळजवळ सारखं असेल तर पुढे निघायचं. एकच खूप गरम असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. एकच गार असेल तर त्या चाकाने उतारात काहीच काम केलेलं नाही, आणि मग इतर तिघांवर पुढचा घाट टाकायचा नाही. हत्यारं काढून तिथेच वायरीपासून पुन्हा तपासायला बसायचं.